पाटी कोण वाचणार?

१

"मॅडम, पेशंट गेली."

आमच्या धंद्यात हे वाक्य फोनवर असं सांगायचं नसतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "ऑपरेशनच्या आधी की नंतर?"

"आधी," ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे तशी नाही गेली. निघून गेली. ट्रॉली आहे, चादर आहे, पेशंट नाही."

मी या हॉस्पिटलची रुग्णहक्क अधिकारी. हुद्दा भारदस्त आहे, खोली धुलाई विभागाला चिकटून आहे. शिकले डॉक्टरकी, पण काम उरलंय भांडणं निस्तरण्याचं. माघारी मला 'कटकट मॅडम' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. चहा तसाच सोडून मी वर गेले.

सर्जनसाहेब हिरव्या कपड्यांत, हातमोजे घालून, दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. स्वच्छ हात कशाला लागू नयेत म्हणून सर्जन तसे उभे राहतात. त्यामुळे चिडले तरी हातवारे करता येत नाहीत, सगळा राग भुवयांतून बाहेर पडतो.

"मॅडम, काय पोरखेळ चाललाय हा? बाईंना घशाचा कॅन्सर आहे. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती वाढतेय. आज काढली नाही तर उद्या श्वास कोंडेल, रस्त्यातच जातील. आणि बाई फिरायला गेल्यात."

"कॅन्सर आहे हे त्यांना माहीत होतं?"

"सांगितलंय."

"स्वरयंत्र काढलं की आवाज कायमचा जाणार, हे?"

"सांगितलंय, मॅडम. सही आहे."

सही दाखवली की आमच्याकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माझ्या खोलीत वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं फ्रेम करून लावलीत: निर्णय रुग्णाचा, भलं रुग्णाचं, इजा कुणाला नाही, न्याय सगळ्यांना सारखा. पहिल्या ओळीवर कायम धूळ असते, कारण फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत पुसणाऱ्याचा हात पोचत नाही.

ट्रॉलीवरची चादर नीट घडी करून ठेवलेली होती. चारी टोकं जुळवलेली, वर हात फिरवून सुरकुत्या काढलेल्या. घाबरून पळणारा माणूस चादरीची घडी घालत बसत नाही. घडीवर एक पांढरी पाटी होती, दोरीला पेन बांधलेली.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"आवाज जाणाऱ्या पेशंटला आम्ही देतो," सिस्टर म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यावर पाणी हवं, दुखतंय, असं लिहायला. वॉर्डातल्या सामानाबरोबर आली असेल."

"आत त्यांच्याजवळ कोण होतं?"

"मुलगा आणि सून. आलटूनपालटून."

"पाटी बघून बाई काही म्हणाल्या?"

सिस्टर जरा घुटमळल्या. "पडद्यापलीकडून एकच ऐकू आलं, मॅडम. 'ही कोण वाचणार?' मला वाटलं, बाईंना लिहायला-वाचायला येत नसेल."

मी संमतीपत्रावरची सही बघितली. झोकदार, तिरकी, शेवटी एक फराटा मारलेली. ज्यांचं आयुष्य लिहिण्यावाचण्यात गेलंय त्यांचीही सही इतकी छान नसते. बाईंना वाचता येत होतं. मग ती पाटी कुणाला वाचता येणार नव्हती?

२

आधी ज्युनिअर डॉक्टरला गाठलं. मुलगी हुशार आहे, फक्त झोप झालेली नसते.

"सांगितलंय, मॅडम."

"कुणी?"

"म्हणजे, सांगितलं गेलंय."

"अगं, पण कुणी? आणि कुणाला?"

"मला वाटलं सरांनी सांगितलंय. सरांना वाटलं असेल मी सांगितलंय. पण नातेवाइकांना नक्की सांगितलंय."

आपल्या भाषेत ही एक फार मोठी सोय आहे. 'सांगितलंय' म्हटलं की कुणी सांगितलं हे बोलावं लागत नाही, कुणाला सांगितलं हेही नाही. कर्ता गायब, आणि वाक्य मात्र छाती काढून उभं. पेशंट सकाळी हरवली असेल, पण या वाक्याचा कर्ता तिच्या कितीतरी आधी हरवला होता.

मुलगा बाहेर येरझाऱ्या घालत होता. अंगात जाड कोट, हातात फोन, चेहऱ्यावर सगळ्या जगाने मिळून फसवल्याचा भाव.

"तुमच्या हॉस्पिटलने माझी आई हरवली," त्याने सुरुवात केली.

"हरवायला आई म्हणजे छत्री नव्हे. त्यांना काय सांगितलं होतं तुम्ही?"

"डॉक्टरांनी सांगितलं की. गाठ आहे, काढायची."

"कॅन्सर हा शब्द?"

"तो शब्द तिच्यासमोर काढू नका असं मीच डॉक्टरांना म्हटलं होतं. आई हाय खाईल हो. जन्मभर दुसऱ्यांचं केलंय तिने, आता हे कशाला तिच्या डोक्याला?"

"आणि आवाज?"

"ते काय, हळूहळू कळलंच असतं."

माझं डोकं तिथे तडकलं. "शुद्धीवर आल्यावर तोंड उघडतील आणि आवाज नसेल. यात हळूहळू कुठे आलं?"

वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला मनसोक्त ओरडता आलं असतं. आईला वाचवायची तळमळ होती, आणि त्या तळमळीत आईला तेवढं वगळलं होतं.

"आई वाचतात का काही?"

"आई? रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत. तोही मोठ्याने. शेजाऱ्यांनी त्यांचा पेपर बंद केला."

"काय करतात त्या?"

"कपडे आल्टर करायचं दुकान आहे दोघांचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत. आता बंद करा म्हणून मी कधीचा मागे लागलोय."

"वडील कुठे आहेत? आज इथे दिसत नाहीत."

त्याने मान फिरवली. "त्यांना यात आणू नका. बाबा आता काही बघत नाहीत. सगळं मीच बघतो."

आला आणखी एक, मी मनात म्हटलं. बायको ऑपरेशनच्या ट्रॉलीवर आणि नवरा काही बघत नाही. असे नग मी कितीतरी पाहिलेत. त्या गृहस्थांना मनातल्या मनात चार शब्द सुनावून मी पुढे गेले. मी चुकले ती तिथे.

एवढं कळलं होतं की बाईंना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. सही होती, पण ती इंग्रजीत छापलेल्या संमतीपत्रावर. सगळे जण तोंडभरून 'सांगितलंय' म्हणत होते आणि सगळेच दुसऱ्याबद्दल बोलत होते. पण मग एक प्रश्न उरत होता. छोटीशी गाठ काढायची आहे असं समजणारी बाई, ऐन वेळी, चादरीची घडी घालून निघून का जाईल? कुणीतरी नक्की सांगितलं होतं. आणि तो एकच माणूस ते कबूल करत नव्हता.

३

गेटवरच्या रखवालदाराने कानावर हात ठेवले. हॉस्पिटलच्या झग्यातली बाई बाहेर गेलेली नाही, गेली असती तर त्याने अडवली असती. कोट घातलेल्या बायका सकाळपासून कितीतरी गेल्या, थंडीच तशी आहे, त्यांना काय अडवायचं.

बाईंचे स्वतःचे कपडे मुलाच्या पिशवीत होते. चपलाही. म्हणजे बाई गेल्या त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कोटात, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चपलांत.

सर्जनसाहेबांना दुसऱ्या हॉस्पिटलचा संशय होता. "पळवापळवी चालते, मॅडम, तुम्हाला कल्पना नाही." मुलाला ज्युनिअरचा संशय होता. ज्युनिअरला स्वतःचाच संशय यायला लागला होता. मी सगळ्यांना गप्प केलं आणि सुनेकडे गेले.

सूनबाई कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवतात. हाताची घडी घट्ट, पाय बाकाखाली ओढलेले, ओठ गारठलेले. कॉरिडॉरमध्ये वारा सुटला होता आणि येणारे-जाणारे सगळे गुंडाळून घेऊन चालले होते.

"सासूबाईंना काही कळलं होतं का?" मी विचारलं.

"मला काय विचारता? घरात सगळं हे ठरवतात."

"तुम्ही आत गेला होतात ना?"

"गेले होते. त्या बऱ्या होत्या." मग अगदी सहज विचारल्यासारखं, "मॅडम, रात्रीपासून उपाशी असलेला माणूस एकदम पोटभर जेवला तर चालतं का?"

इथे एक बाई बेपत्ता आहे आणि हिला जेवणाची पडलीय. "जेवा की," मी म्हटलं, "कुणी अडवलंय तुम्हाला?" आणि तरातरा जिन्याकडे निघाले.

अर्ध्या जिन्यात माझे पाय थबकले. सून कशाला उपाशी असेल रात्रीपासून? भूल द्यायची असते म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवतात ते पेशंटला. जी बाई बेपत्ता आहे, जिच्या नावाने सगळे ठणाणा करताहेत, तिने आता जेवावं की नाही एवढीच काळजी या एकटीला होती.

मी परत वर चढले आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"सूनबाई, पाय जरा बाहेर काढा."

४

पायांत आमच्या हॉस्पिटलच्या निळ्या रबरी सपाता होत्या. पेशंटला देतो त्या.

"कोटही दिलात ना?"

तिने मान हलवली. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी सांगितलं."

सकाळपासून ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्याला कर्ता होता. इतकं बरं वाटलं मला की रागवायचं राहूनच गेलं.

"सामानात ती पाटी होती," ती म्हणाली. "आईंनी मला विचारलं, ही कुणाच्या पोराची राहिली? मी काहीतरी थाप मारणार होते. मारता येईना. रोज वर्गात उभी राहून मुलांना सांगते, विचारा, प्रश्न विचारा. आणि त्या विचारताहेत तर मी तोंड फिरवू? मी सांगून टाकलं. कॅन्सर आहे, आवाज जाणार आहे, पुन्हा येणार नाही."

"मग?"

"पाटी हातात फिरवली, म्हणाल्या, ही कोण वाचणार? मग म्हणाल्या, तुझा कोट दे. एक काम बघून दिवस मावळायच्या आत येते. कुठे ते सांगू नकोस. मी शब्द दिलाय, मॅडम."

मागे मुलगा येऊन उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू सांगितलंस? मी एवढं बजावून ठेवलं होतं आणि तू... तिला काही झालं तर?"

"झालं तर मलाही त्रास होईल," ती म्हणाली. "पण त्यांना फसवून झालं असतं, तर जन्मभर झाला असता."

"तुमचं भांडण घरी गेल्यावर," मी मध्ये पडले. "आधी मला एवढं सांगा. ही कोण वाचणार, म्हणजे काय? कुणाला वाचता येत नाही?"

सून नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मॅडमना बाबांचं सांगितलं नाहीत?"

"सांगितलंय," तो पुटपुटला.

"काय सांगितलंत हो मला?" माझा पारा पुन्हा चढला.

"तेच की. बाबा बघत नाहीत म्हणून."

मी बाकावर मटकन बसले. बाबा बघत नाहीत. या माणसाने मला सरळ साधी गोष्ट सांगितली होती आणि मी तिचा वाकडा अर्थ लावून, एका आंधळ्या माणसाला मनातल्या मनात झोडपून मोकळी झाले होते. रोज मोठ्याने वाचला जाणारा पेपर माझ्या कानावरून गेला होता, तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

काचबिंदूने नजर गेली होती त्यांची, मुलगा म्हणाला. लोकांना सांगायला बाबांना आवडत नाही, म्हणून 'बघत नाहीत' एवढंच म्हणायची घरात सवय पडलीय.

"दुकान दोघांचं आहे म्हणालात. ते काय करतात दुकानात?"

"मशीन चालवतात. आई टाचण्या लावते आणि शेजारी बसून सांगत राहते. सरळ, जरा डावीकडे, थांबा. तिच्या आवाजावर शिवतात ते."

मला आता पत्ता कुणी सांगायची गरज नव्हती.

५

बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आम्ही तिघं बाहेर थांबलो. आत मशीन चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. बोलण्याचा आवाज नव्हता. मधूनमधून लाकडावर ठक, ठकठक असं काहीतरी वाजत होतं.

मुलगा आत घुसणार होता. मी त्याची बाही धरली.

बाई सुनेच्या कोटात होत्या. खालून आमचा झगा डोकावत होता. हातात मोठी कात्री, तिची मूठ बाई टेबलाच्या कडेवर आपटत होत्या. एक ठोका पडला की मशीन थांबायची. दोन पडले की समोरचे गृहस्थ कापड डावीकडे सरकवायचे, तीन पडले की उजवीकडे. शिवण संपली तेव्हा बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मधेच वाकडी गेली होती. त्यांनी ती उसवली, पुन्हा टाचण्या लावल्या, कापड पुन्हा नवऱ्याच्या हाताखाली दिलं. बोलल्या एक अक्षर नाहीत. आवाज अजून होता, तरी वापरत नव्हत्या.

दुसऱ्यांदा शिवण सरळ आली. सुनेने तोंडावर हात धरला.

"अगं, कुणीतरी आलंय," गृहस्थ म्हणाले. "दारातूनही हॉस्पिटलचा वास येतोय."

"या," बाई म्हणाल्या. घोगरा, फाटलेला आवाज. "हिने सांगितलं का कुठे आहे ते?"

"नाही. तुमच्या मुलाने. त्याला कळलं नाही एवढंच."

बाई मुलाकडे वळल्या. तो दारातच रडवेला झाला होता. "आई, तू घाबरशील म्हणून मी..."

"घाबरलेच की. सकाळी ट्रॉलीवर हातपाय गार पडले माझे. पण माझं मी घाबरायला नको का? तेवढा तरी वेळ द्यायचास. तुम्ही सगळे माझ्याऐवजी घाबरून बसलात आणि माझ्या हातात पाटी दिलीत." त्यांनी श्वास घेतला. "मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घरात पाटी चालणार नाही. ठोक्यांचं बघावं लागेल. एवढंच तर बघायचं होतं, जमतं का."

"जमतं," गृहस्थ म्हणाले. "मघाशी वाकडी गेली ती माझी चूक. तू बरोबर वाजवलं होतंस."

मी ग्राहकांच्या स्टुलावर बसले आणि जे महिन्यापूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. कॅन्सर हा शब्द उच्चारून. ऑपरेशन केलं तर जगण्याची शक्यता जास्त, पण मानेला भोक पडतं, श्वास तिथून घ्यायचा, आहे तो आवाज जातो. नंतर काही जण यंत्र लावून बोलायला शिकतात, पण तो आवाज निराळा. ऑपरेशनऐवजी किरणांचे उपचार घेता येतात, आवाज वाचू शकतो, पण गाठ परत येण्याची भीती त्यात अधिक. काहीच न करणं हाही एक पर्याय, त्यात काय होईल तेही सांगितलं. बाईंनी मधे मधे प्रश्न विचारले आणि ते मी कधीकाळी शिकवलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांपेक्षा बरे होते.

"मला विचार करू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "वेळ आहे ना?"

मी तिथूनच सर्जनसाहेबांना फोन लावला.

"तसे चार-सहा दिवस चालतील," ते म्हणाले. सकाळी तर बाई उद्याच रस्त्यात जाणार होत्या. "तुम्ही त्यांना सगळं सांगितलंय ना?"

"मी सांगितलंय. आता तुम्ही सांगायचं, सर. कापणार तुम्ही आहात. समोर बसून, हात मोकळे ठेवून."

६

ते बसले, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं. माझ्याच खोलीत, त्या चार तत्त्वांच्या फ्रेमखाली. सुरुवात त्यांनी घड्याळ बघत केली. मग बाईंचे प्रश्न सुरू झाले आणि घड्याळ राहून गेलं. सगळं संपतंय असं वाटत असताना गृहस्थांनी घसा साफ केला.

"डॉक्टर, नंतर ही हसली तर मला ऐकू येईल का?"

सर्जनसाहेबांना आजवर हे कुणी विचारलं नसावं. त्यांनी आपली खुर्ची गृहस्थांच्या जवळ ओढली. मग म्हणाले, "नाही. हसण्याचा आवाज येणार नाही. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

बाईंनी नवऱ्याचा हात उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. "हसले की खांदे हलतात माझे," त्या म्हणाल्या. "इथे हात ठेवत जा." मग सर्जनसाहेबांकडे वळल्या. "करा ऑपरेशन. मला यांच्यासोबत राहायचंय."

ऑपरेशनच्या दिवशी मी मुद्दाम थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सर्जनसाहेब हात छातीशी धरून आले आणि सवयीने विचारून गेले, "पेशंटला सांगितलंय?"

ज्युनिअरने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, पेशंटने सांगितलंय."

ट्रॉलीवरून घोगरा आवाज आला, "मी सांगितलंय. चला आता." त्या आवाजात ते त्यांचं शेवटचं बोलणं.

काही दिवसांनी वॉर्डात गेले तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मानेला पट्टी, चेहरा ओढलेला. शेजारी गृहस्थ खुर्चीत, हात बायकोच्या खांद्यावर. बाईंनी शिवताना बोटात घालतात ते पत्र्याचं टोपण घातलं होतं. त्यांनी पलंगाच्या दांड्यावर ते वाजवलं. थांबून थांबून, बराच वेळ. मुलाने घाईघाईने पाटी पुढे केली.

"ठेव ती," गृहस्थ म्हणाले. "उशी वर घे म्हणतेय. आणि तू सारखा मधे मधे कडमडू नकोस, घरी जाऊन झोप, असंही म्हणतेय."

"एवढं सगळं? बाबा, हे खरंच आईने सांगितलं?"

"सांगितलंय," गृहस्थ म्हणाले.

मी बाईंकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. गृहस्थांनी खांद्यावरचा हात दाबून धरला आणि तेही हसायला लागले.